नंबर कुणाचा?

दादरा आणि नगर हवेली हे नाव आपण एका दमात घेतो, पण नकाशावर ते दोन वेगळे तुकडे आहेत. दादरा, डेमणी आणि तिघरा या तीन गावांचा एक छोटा तुकडा. सिल्वासा, खानवेल, मांदोणी करत मधुबन धरणाच्या फुगवट्यावरच्या दुधनीपर्यंत पसरलेला दुसरा, बराच मोठा. दोन्हींच्या मध्ये गुजरातची चिंचोळी पट्टी. या पट्टीचं प्रकरण एकदा थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन पोचलं होतं. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आधी दादरा आणि मग सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. दमणहून तिथवर जायची आमची वाट भारताने अडवली, अशी फिर्याद पोर्तुगालने पुढच्या वर्षी गुदरली. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. साध्या माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला वाट होती, सैन्याला नव्हती. आणि वाट रोखण्यात भारताकडून आगळीक झालेली नाही.

आज दादऱ्याहून सिल्वासाला क्लासला निघालेल्या मुलीला आपण मध्येच गुजरात ओलांडतो हे जाणवतही नाही. तिची अडचण निराळी. गाडी किती वाजता येणार, आणि आलीच तर तिच्यात जागा असणार का? वापी स्टेशनकडून येणारी रिक्षा आधीच भरलेली असते, कंपन्यांच्या पाळ्या सुटायच्या वेळेला तर विचारायलाच नको. ही तक्रार घेऊन कुणी हेगला जात नाही. पण आठवी-नववीतल्या मुलीने याच तक्रारीवर एक ॲप करावं, असं आता शिक्षक सांगतात, सरकार सांगतं आणि शिकवण्या घेणाऱ्या कंपन्या तर गळी उतरवतात. हे खरंच जमतं का, जमलं तर त्यातून मूल नेमकं काय शिकतं, आणि शिकवणाऱ्याने कुठे थांबायचं, हे बघायचं तर दादऱ्याहून रेल्वेने दक्षिणेला मुंबईपर्यंत जावं लागेल. धारावीला.

नवनीत रंजन हे चित्रपट दिग्दर्शक. त्यांनी ‘धारावी डायरी’ नावाचा माहितीपट केला होता. चित्रीकरण संपलं तरी त्यांचा पाय धारावीतून निघेना. २०१४ मध्ये त्यांनी तिथल्या नया नगर वस्तीत त्याच नावाने मुलींसाठी एक उपक्रम सुरू केला. शाळकरी मुली, हाताशी मोजके लॅपटॉप आणि टॅब, शिकवायला इंटरनेटवरचे व्हिडिओ. या मुलींनी जी ॲप्स केली त्यातल्या तीन ॲपांची नावं पुढे वर्तमानपत्रांतून गाजली. ‘विमेन फाइट बॅक’ हे संकटात सापडलेल्या बाईसाठी: बटण दाबलं की भोंगा वाजणार आणि ठरलेल्या माणसांना ठिकाणासकट संदेश जाणार. ‘पढाई’ हे शाळेत जाता न येणाऱ्या मुलींसाठी, हिंदी, इंग्रजी आणि गणिताचे प्राथमिक धडे देणारं. तिसरं पाण्याचं: नळावर फोनवरूनच नंबर लावायचा आणि आपली पाळी आली की फोनवर सूचना.

या तिन्हींत मला तिसरं सगळ्यांत हुशारीचं वाटतं, आणि ते का, हे थोडं थांबून बघण्यासारखं आहे.

पाण्याचा प्रश्न म्हटला की कुणीही निबंध लिहू लागतो. धरणं, गळती, टँकर, महापालिका, पाणीमाफिया. यातल्या एकाही गोष्टीवर तेरा वर्षांच्या मुलीचा हात पोचत नाही. मुलींनी तो सगळा पसारा बाजूला सारला आणि त्यातला एकच तुकडा उचलला: सार्वजनिक नळासमोरचं ताटकळणं. पाणी ठरावीक वेळच येतं. हंडे-कळश्या रांगेला लावून कुणीतरी राखण करत उभं राहावं लागतं. हे ‘कुणीतरी’ बहुतेक घरांत मुलगी असते. तिची शाळा बुडते. ॲपने पाण्याचा एक थेंबही वाढणार नव्हता; उभं राहण्याचा वेळ तेवढा वाचणार होता. एवढीच मागणी त्यांनी ॲपकडून केली.

वर्गात मुलांना ‘तुमच्या गावातली एखादी समस्या सांगा’ असं म्हटलं की फळ्यावर आधी काय येतं, हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे. प्रदूषण. ट्रॅफिक. बेरोजगारी. स्वच्छता. ही निबंधाची शीर्षकं झाली, अडचणी नव्हेत. शीर्षकातून अडचण काढायची तर खोदून विचारावं लागतं. ट्रॅफिकचा त्रास कुणाला होतो? ‘सगळ्यांना, बाई.’ सगळ्यांतला एक सांग. ‘माझ्या काकीला.’ केव्हा? ‘संध्याकाळी, कंपनी सुटते तेव्हा.’ मग ती काय करते? ‘कोपऱ्यावर उभी राहते.’ किती वेळ, कशाची वाट बघत, आणि वाट बघताना ती कुणाला फोन करते? इथवर आलं की मूल गप्प होतं, कारण काकीला हे कधी विचारलेलंच नसतं. तो धडा तिथेच थांबवून मुलाला घरी पाठवावं. संगणक अजून उघडायचा नाही.

आता संगणक उघडू. धारावीच्या मुलींनी जे साधन वापरलं त्याचं नाव ‘ॲप इन्व्हेंटर’. त्याची वंशावळ लांबची आहे. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवली. एक कासव, त्याला हुकूम द्यायचे, ते रेघा काढणार. संगणकाने मुलाला पढवण्यापेक्षा मुलानेच संगणकाला शिकवावं, हा पॅपर्ट यांचा हट्ट. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातून मिचेल रेझनिक यांच्या गटाचं ‘स्क्रॅच’ आलं. त्यात हुकूम टंकायची गरज उरली नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. एमआयटीचे हॅल एबल्सन यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ॲपल संगणकावर लोगो आणण्याचं काम केलं होतं. पुढे ते रजा घेऊन गूगलमध्ये गेले आणि तिथे ठोकळ्यांची हीच युक्ती त्यांनी अँड्रॉइड फोनसाठी वापरली. २०१० मध्ये ॲप इन्व्हेंटर जाहीर झालं, २०११ संपताना गूगलने त्यातून अंग काढलं आणि २०१२ मध्ये एमआयटीने ते आपल्या घरी नेलं. ते फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं.

त्याला दोन खोल्या आहेत म्हणा ना. एका खोलीत दर्शनी भाग मांडायचा: बटण इथे, पाटी तिथे. दुसरीत ठोकळे जुळवायचे: हे बटण दाबलं की काय व्हावं. फोनवर एक सोबती ॲप घालून संगणकाच्या पडद्यावरचा क्यूआर कोड टिपला की केलेला बदल लगेच फोनवर दिसतो. बटणावर ‘नंबर लावा’ असं देवनागरीत लिहिलं की तसंच उमटतं. पहिल्या तासाला मुलं यातच रमतात आणि रमू द्यावीत.

खरी मजा पुढे आहे. पाण्याच्या रांगेचं ॲप आपणच करून बघू. एक आकडा ठेवायचा, सुरुवातीला शून्य. ‘नंबर लावा’ दाबलं की त्यात एक मिळवायचा आणि आलेला आकडा दाखवायचा. तीन-चार ठोकळ्यांचं काम. मुलगी दाबते, एक येतो. पुन्हा दाबते, दोन येतो. टाळ्या. मग ती ॲप बंद करून उघडते आणि आकडा पुन्हा शून्य. फोनला आठवण ठेवायला सांगितलीच नव्हती. त्यासाठी ‘टायनीडीबी’ नावाचा एक घटक असतो, तो आकडा फोनमध्ये साठवतो. तो जोडला. आता शेजारणीच्या फोनवर ॲप टाकलं, तिने बटण दाबलं, तिलाही एक हाच नंबर आला. दोघींचीही पहिली पाळी! कारण प्रत्येक फोन आपापली आठवण जपून आहे, रांग मात्र दोघींची मिळून एक आहे. म्हणजे आकडा फोनबाहेर, सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवायला हवा. त्याला ‘क्लाउडडीबी’ आहे. पण त्यासाठी नेट लागतं, आणि नेट कुणाकडे आहे हा प्रश्न उभा राहतो. तो आपण जरा वेळ बाजूला ठेवू.

क्लाउडडीबी जोडलं. दोन फोन, एक आकडा. आता दोन मुलींना एकाच क्षणी बटण दाबायला सांगा. कधीकधी दोघींना पुन्हा एकच नंबर मिळतो. हे असं का होतं, ते फळ्यावर करून दाखवण्यासारखं आहे. फळ्यावर १४ लिहा. दोन मुलांना बोलवा. नियम असा: फळा वाचायचा, जाग्यावर परत यायचं, मनात एक मिळवायचा, मग जाऊन जुना आकडा पुसून नवा लिहायचा. दोघांनी एकदमच वाचलं तर दोघांच्याही मनात १५. पहिला १५ लिहून येतो, दुसरा तो पुसून पुन्हा १५ लिहितो. एक माणूस रांगेतून गायब! रेल्वेचं आरक्षण असो की बँकेचं खातं, एकाच वेळी अनेकांनी हात घालायच्या प्रत्येक ठिकाणी संगणकशास्त्राला हा पेच सोडवावा लागला आहे. आठवीच्या वर्गात तो हंड्याच्या रूपाने आपल्या पायाने चालत येतो. उपायही कळण्याजोगा आहे: आकडा पुसून लिहायचाच नाही, यादीच्या शेवटी आपलं नाव जोडायचं. क्लाउडडीबीत यादीला नाव जोडण्याची अशी सोय आहे की दोघांनी एकदम जोडलं तरी दोन्ही नावं टिकतात, एकामागे एक. यादीतली जागा हाच नंबर.

तेवढ्यात वर्गातलं कुणीतरी विचारतं, ‘सर, पाळी आली आणि ती बाई आलीच नाही तर?’

इथे ठोकळे संपतात आणि माणसं सुरू होतात. पाच मिनिटं थांबायचं? की पुढच्या बाईला बोलवायचं? उशिरा आलेलीला मध्ये घ्यायचं की शेवटी पाठवायचं? म्हाताऱ्या आजीला, दिवस गेलेल्या बाईला आधी सोडायचं? एका घराने किती हंडे? आणि ज्या घरात स्मार्टफोनच नाही त्या घराचा नंबर कोण लावणार? प्रत्यक्ष नळावर या प्रश्नांची उत्तरं भांडून, गयावया करून, ओळखीने रोज नव्याने निघतात. ‘जर-तर’च्या ठोकळ्यात मात्र ती आधीच लिहावी लागतात, आणि एकदा लिहिली की ती सगळ्यांना सारखी लागू होतात. मुलीला इथे पहिल्यांदा कळतं की आपण वस्तीचा कायदा लिहितो आहोत. तिला तो लिहायचा हक्क कुणी दिला, असंही कुणी विचारील, आणि विचारावंच. मग ॲप घेऊन नळावर जाऊन बायकांना विचारण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सगळ्यांत मोलाचा तास तो, आणि तो कुठल्याही अभ्यासक्रमात छापलेला नसतो.

‘विमेन फाइट बॅक’सारख्या ॲपांचं पुढचं कथानक वेगळ्या कारणाने शिकण्यासारखं आहे. संकटात संदेश पाठवायचा तर ॲपला फोनमधून एसएमएस पाठवण्याची परवानगी लागते. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने प्ले स्टोअरचे नियम बदलले. लोकांचे संदेश आणि कॉलची नोंद चोरणाऱ्या ॲपांना आळा घालायचा होता, म्हणून ही परवानगी मोजक्याच प्रकारच्या ॲपांपुरती राखली गेली. हेतू चांगला, पण शाळकरी मुलांनी केलेली संकट-ॲप्सही त्याच जाळ्यात सापडली. दरम्यान सरकारनेही फोन बनवणाऱ्यांवर सक्ती केली होती की प्रत्येक फोनला संकटाचं बटण हवं: साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर चालू-बंदचं बटण तीनदा दाबायचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक सोळा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाला. त्यांत दादरा आणि नगर हवेलीही होती. म्हणजे मुलींनी ज्या दिशेने हात लांबवला होता, तिथेच पुढे सरकारी यंत्रणाही पोचली. आज एखाद्या मुलीने पुन्हा तसलंच ॲप करायला घेतलं तर शिक्षकाने तिला अडवू नये, पण एक काम आधी द्यावं: आजीच्या साध्या फोनवर ५ दाबून धरल्यावर काय होतं, हे आजीला माहीत आहे का, ते विचारून ये. कदाचित नव्या ॲपपेक्षा एक पत्रक जास्त कामाचं ठरेल. वर्गात हे स्वीकारणं जड जातं, कारण प्रदर्शनात पत्रकाला बक्षीस मिळत नाही.

असं बघून, विचारून मग उपाय जुळवण्याची रीत अमेरिकेतून आली असं हल्लीच्या कार्यशाळांत सांगतात. सांगोत बापडे. पण दादऱ्यापासून फार लांब नाही, पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. १९५७ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून तिथे गेल्या. वारल्यांची मुलं शाळेत येत नव्हती. ‘यांना शिक्षणाचं महत्त्व नाही’ असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. या दोघींनी मुलं दिवसभर काय करतात ते पाहिलं. पोरं गुरं राखायला कुरणावर जात होती. मग शाळाच कुरणावर नेली. ती कुरणशाळा. मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळायला घरी राहत होत्या. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे ताई कडेवरच्या भावाला सोपवून शेजारच्या वर्गात बसू शकेल. तिला विकासवाडी म्हणत. धारावीच्या मुलींनी नळावर जे केलं तेच हे, फक्त साठ वर्षं आधी आणि विजेविना. ॲप शिकवणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी पहिला दिवस कोसबाडला ठेवला असता.

दुसरा दिवस पुणे जिल्ह्यातल्या पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम उभारला. शाळेतल्या मुलांनी गावाला लागतील अशी कामं करत करत विज्ञान शिकावं, ही त्यांची कल्पना. मूल वायरिंग करतं, वेल्डिंग करतं, मातीचं परीक्षण करतं, आणि गिऱ्हाईक गावातलंच असतं. काम फसलं तर ते संध्याकाळी पारावर ऐकवतं. एमआयटीतले नील गर्शनफेल्ड यांनी २००२ मध्ये एमआयटीबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ इथेच उभी केली, ती पाबळला आधीपासून ही वहिवाट होती म्हणून. आपल्या शेजारच्या गुजरातेतही, अहमदाबादला, किरण बीर सेठी यांच्या रिव्हरसाइड शाळेतून २००९ मध्ये ‘डिझाइन फॉर चेंज’ सुरू झालं. तिथेही आधी जाणून घ्या, मग कल्पना करा, मग करा, मग सांगा, असा क्रम आहे. तो उलटा धरला की बिघडतं.

आणि अलीकडे तो सर्रास उलटा धरला जातो. २०२० साल आठवा. शाळा बंद, जुलैअखेर नवं शैक्षणिक धोरण आलं, त्यात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख. त्याच्या मागेपुढे जाहिरातींचा जो पूर आला त्यात आठ-दहा वर्षांची मुलं ॲप करून कोट्यधीश होताना दाखवली गेली. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेने त्यातल्या काही मागे घ्यायला लावल्या. घाबरलेल्या आईबापांनी हप्ते भरले. मुलांनी केलेली ॲप्स बघावीत तर बहुतेक एकाच साच्यातली, नाव तेवढं बदललेलं. त्यात अडचण कुणाचीच नव्हती, म्हणून वापरणाराही कुणी नव्हता.

सरकारी बाजूने काम जास्त शांतपणे झालं. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब उघडल्या, एकेका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. २०२० च्या जुलैमध्ये या लॅबमधल्या मुलांसाठी ॲप बनवण्याचा एक ऑनलाइन अभ्यासक्रमही आला. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झाली. पैसा आला, यंत्रं आली; अडचण हुडकायला मुलांना शाळेबाहेर सोडण्याची मुभा यंत्राबरोबर येत नाही, ती मुख्याध्यापकांनीच द्यावी लागते. लॅब नसलेल्या शाळांसाठी वेगळी वाट आहे. एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाळा’ सुरू केली. तिचा भर संगणकाविना संगणकविचार शिकवण्यावर आहे, आणि तिची सामग्री मराठीतही मिळते. फळ्यावरचा १४-१५ चा खेळ त्याच जातीचा. न्यूझीलंडच्या टिम बेल यांनी हा प्रकार जगभर नेला.

संगणकाविना शिकवण्याची गरज हौसेची नाही. ‘असर’ अहवालाच्या २०२३ च्या फेरीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना फोनबद्दल विचारलं होतं. फोन बहुतेक घरांत होता. पण तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के निघाले आणि मुली सुमारे २० टक्के. म्हणजे ज्या मुलीला नळावर उभं राहावं लागतं तिच्याच हातात फोन नाही. तो बाबांच्या किंवा दादाच्या खिशात, आणि बाबा पाळीला. ॲपमध्ये ‘पाळी आली’ ही सूचना वाजेल ती कंपनीच्या लॉकरमध्ये.

म्हणून खानवेलच्या किंवा मांदोणीच्या शाळेत मी हे शिकवणाऱ्याला सांगेन की दोन फोन आणि एक रद्दीचा गठ्ठा पुरे. फोनच्या मापाचे कागद कापायचे. एकेका कागदावर एकेक पडदा पेन्सिलीने काढायचा: बटण, पाटी, चित्र. मग ज्याच्यासाठी ॲप करायचं त्या माणसासमोर कागद धरायचा आणि म्हणायचं, दाबा. त्याचं बोट जिथे जाईल त्याप्रमाणे पुढचा कागद पुढे करायचा. स्वतः बोलायचं नाही. ‘इथे नाही काका, तिथे दाबा’ असं तोंडून गेलं की चूक ॲपची, काकांची नव्हे, आणि कागद बदलायचा. कागद फाडायला वाईट वाटत नाही. चार दिवस खपून केलेलं ॲप मोडायला वाटतं.

भाषेचा मामला इथे महाराष्ट्रापेक्षा गुंतागुंतीचा आहे. घरी वारली, कोकणा किंवा धोडिया, बाजारात गुजराती, कंपनीत हिंदी, आणि शाळा मराठी, गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची. कुठल्याही एका लिपीत बटण लिहिलं तरी कुणीतरी बाहेर राहणारच. ॲप इन्व्हेंटरमध्ये बटण दाबल्यावर ध्वनिफीत वाजवता येते. मुलीने आजीच्या आवाजात, आजीच्या बोलीत ‘गाडी गेली, आता पुढची’ एवढं टिपून घ्यावं. मोठमोठ्या कंपन्यांच्या ॲपांत न सापडणारी ही गोष्ट गावातली मुलगी एका दुपारी करू शकते. मात्र आवाज असो, फोननंबर असो की घराचं ठिकाण, दुसऱ्याचं काही साठवायचं तर त्याला आधी विचारायचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. गावातल्या सगळ्यांचे नंबर एका यादीत गोळा करण्याचा उत्साह मुलांना फार असतो, आणि तो पहिल्याच दिवशी आवरावा.

दादऱ्याच्या मुलीच्या गाडीचं काय? ‘गाडी आत्ता कुठे आहे’ हे दाखवायचं तर प्रत्येक रिक्षात यंत्र हवं. ते तिच्या हातचं नाही. कुठल्या वेळेला गाड्या भरून येतात आणि कुठल्या वेळेला जागा मिळते, याची नोंद मात्र आठ-दहा मैत्रिणी मिळून महिनाभर ठेवू शकतात. मुंबईकरांच्या खिशातलं ‘एम-इंडिकेटर’ सचिन टेके यांनी केलं ते लोकलच्या वेळापत्रकावर उभं होतं, आणि त्याची मेख अशी की वेळापत्रक फोनमध्येच असायचं. गर्दीत रेंज गेली तरी चालायचं. मघाशी बाजूला ठेवलेल्या नेटच्या प्रश्नाचं एक उत्तर हे आहे. रांगेला सगळ्यांची मिळून एक आठवण लागते, वेळापत्रकाला लागत नाही. दादऱ्याच्या ॲपला टायनीडीबीसुद्धा जेमतेम लागेल. एक यादी, एक घड्याळ आणि ‘यापुढची कोणती’ हे शोधणारा ठोकळा. महिनाभराच्या नोंदीनंतर कळलं की संध्याकाळी सातच वेळा लक्षात ठेवायच्या आहेत, तर त्या नाक्यावरच्या दुकानाच्या भिंतीवर रंगवाव्यात. ते ॲपही झालं आणि भिंतही झाली, असं दोन्ही करायला काय हरकत आहे?

यातलं सगळ्यांत कंटाळवाणं काम अजून राहिलं. जूनमध्ये वेळा बदलतात, पाळ्या बदलतात, रस्त्याचं काम निघतं. ज्या मुलीने ॲप केलं ती दहावी होऊन वापीला किंवा सिल्वासाला जाते आणि ॲपचा प्रकल्प तिच्या भावाच्या मेल-खात्यात अडकून पडतो. शाळांच्या प्रदर्शनांतली बहुतेक ॲप्स मरतात ती अशी, वाईट होती म्हणून नव्हे. ॲप इन्व्हेंटर सगळा प्रकल्प एका फाइलमध्ये उतरवून देतं. ती मार्चमध्येच शाळेच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर घ्यावी, सोबत एका वहीत कुठला आकडा कुठल्या ठोकळ्यात आहे ते लिहून. आणि जूनमध्ये नव्या आठवीला पहिल्या आठवड्यात नवं ॲप करायला सांगू नये. मागच्या वर्षीचं उघडून द्यावं, नाक्यावर जाऊन बदललेल्या वेळा आणायला सांगाव्यात, आणि त्या त्यात भरायला लावाव्यात.